शाळा बंद झाली तरी ताट बंद होता कामा नये

करोनाच्या काळात आपण खाटा, ऑक्सिजन, इंजेक्शने आणि लस यांबद्दल पुष्कळ बोललो. शाळा बंद असण्याबद्दलही बोललो, पण ते बहुतेक अभ्यास, मोबाईल आणि परीक्षा यांबद्दल. आरोग्याच्या पानावर शाळेचे काय काम, असे कुणी विचारील. वस्तीत फिरणाऱ्या कोणत्याही परिचारिकेला किंवा आशाताईला विचारा, ती सांगेल. गरिबाच्या लेकराला शाळेत अक्षर मिळते, तसेच दुपारचे जेवण मिळते, रक्तवाढीची गोळी मिळते, जंताचे औषध मिळते आणि वर्षातून एकदा डॉक्टरची तपासणी मिळते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला तर शाळेमुळे लग्नापासून संरक्षण मिळते. शाळेला कुलूप लागले की या सगळ्यालाच कुलूप लागते.

मार्च २०२० च्या मध्यावर महाराष्ट्रातील शाळा बंद झाल्या. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. नववी ते बारावीचे वर्ग काही जिल्ह्यांत नोव्हेंबर २०२० मध्ये उघडले, पाचवी ते आठवीचे जानेवारी २०२१ च्या अखेरीस. दुसऱ्या लाटेत पुन्हा कुलूप लागले. ४ ऑक्टोबर २०२१ ला खेड्यात पाचवीपासून आणि शहरात आठवीपासून शाळा सुरू झाल्या. पहिली-दुसरीच्या लेकरांना डिसेंबर २०२१ पर्यंत वाट पाहावी लागली. जानेवारी २०२२ मध्ये आणखी एकदा शाळा बंद झाल्या आणि २४ जानेवारीपासून टप्प्याटप्प्याने उघडल्या. म्हणजे पहिलीत असताना घरी गेलेले मूल वर्गात परतले तेव्हा तिसरीत होते. वीस महिन्यांहून अधिक काळ. या वीस महिन्यांत शाळेने घराला काय दिले, काय देता आले असते आणि पुन्हा अशी वेळ आली तर आपण काय मागायचे, याचा हा लेखाजोखा.

आधी जेवण, मग शिकवण

तथागतांची आळवी नगरीतील गोष्ट आपण विहारात ऐकलेली आहे. एक गरीब शेतकरी हरवलेला बैल शोधत रानोमाळ फिरला आणि उपाशीपोटी धम्मदेसना ऐकायला आला. तथागतांनी त्याच्यासाठी थांबून घेतले. आधी त्याला जेवू घालायला सांगितले आणि त्याचे पोट भरल्यावरच देसना सुरू केली. भुकेल्या माणसाला उपदेश ऐकू येत नाही, हे त्यांना ठाऊक होते. भूक हा आजार मानणारा आपला धम्म आहे.

आपल्या सामाजिक चळवळीनेही हेच केले. १८७७ च्या दुष्काळात सत्यशोधकांनी पुण्याजवळ धनकवडी येथे दुष्काळग्रस्त मुलांसाठी बालाश्रम चालवला आणि त्यांना जेवू घातले. त्या कामात जोतीराव आणि सावित्रीमाई दोघेही होते. पुढे १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना सावित्रीमाईंना स्वतःलाच प्लेग झाला आणि १० मार्चला त्यांचे निधन झाले. देशातल्या मुलींच्या पहिल्या शिक्षिकेचा शेवट साथीच्या रोग्यांची सेवा करताना झाला. शाळा आणि आरोग्य हे दोन वेगळे विषय आहेत असे निदान आपण तरी म्हणू नये.

दुपारचे जेवण हा हक्क आहे

शालेय पोषण आहाराला आपल्याकडे सरळ ‘खिचडी’ म्हणतात. ही खिचडी कुणाची मेहेरबानी नाही. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेले जेवण देण्याचा आदेश दिला. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने आठवीपर्यंतच्या मुलांचा तो हक्क झाला. पहिली ते पाचवीच्या मुलाला दर दिवशी १०० ग्रॅम धान्य आणि त्यातून एकूण ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम धान्य आणि एकूण ७०० कॅलरी व २० ग्रॅम प्रथिने, असे प्रमाण ठरलेले आहे. त्यात डाळ, भाजी आणि तेलही धरलेले आहे.

याच कायद्याखाली २०१५ साली नियम झाले. शाळेच्या दिवशी धान्य, इंधन किंवा स्वयंपाकी नसल्यामुळे जेवण देता आले नाही, तर मुलाला त्याच्या वाट्याचे धान्य आणि शिजवण्याचा खर्च अन्न सुरक्षा भत्ता म्हणून द्यायचा, आणि तोही पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत, असे हे नियम सांगतात. करोनात शाळा बंद होताच १८ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि मुलांचे जेवण कसे पोहोचवणार, असा जाब सर्व राज्यांना विचारला. दोन दिवसांत केंद्रानेही राज्यांना लिहिले की गरम जेवण द्या, नाहीतर भत्ता द्या. हे सारे आपल्या आयाबहिणींना माहीत असायला हवे. कारण शाळेत तांदूळ घ्यायला गेलेली आई ‘काही मिळते का बघते’ असे म्हणत गेली, तर तिला मिळेल तेवढ्यावर परत यावे लागते. ‘माझ्या लेकराचा हिशोब द्या’ असे म्हणत गेली, तर समोरच्याला वही उघडावी लागते.

अडीच किलो तांदळाचे गणित

महाराष्ट्रात शाळांमध्ये शिल्लक असलेला तांदूळ आणि डाळ-कडधान्य वाटण्यापासून सुरुवात झाली आणि पुढे कोरडा शिधा देण्यात आला. अनेक शाळांनी हे काम मनापासून केले. मैदानात चुन्याचे गोल आखले, इयत्तेप्रमाणे वेळा ठरवून दिल्या, पालकांनी घरून पिशव्या आणल्या. गर्दी टाळून धान्य वाटणे सोपे नव्हते. शिक्षकांना, स्वयंपाकी ताईंना आणि मदतनिसांना त्याचे श्रेय दिलेच पाहिजे. तेव्हा महिन्याला १५०० रुपये मानधनावर राबणाऱ्या या स्वयंपाकी आणि मदतनीस ताईंमध्ये आपल्या वस्त्यांतल्या कितीतरी भगिनी आहेत. शाळा बंद म्हणजे त्यांच्याही चुलीचा प्रश्न होता.

पण परिचारिकेच्या नजरेने या शिध्याकडे पाहू या. पाचवीपर्यंतच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम याप्रमाणे महिन्याच्या २४ शाळा-दिवसांचे २ किलो ४०० ग्रॅम तांदूळ होतात. सहा माणसांच्या घरात माणशी १०० ग्रॅमचा भात दोन वेळा लावला, तर दिवसाला १ किलो २०० ग्रॅम लागतात. म्हणजे लेकराचे महिनाभराचे जेवण दोन दिवसांत संपले. यात आईची काही चूक नाही. घरात सगळ्यांचीच मजुरी बुडालेली असताना एकट्या लेकराचे पातेले वेगळे कोण लावील? शाळेत वाढलेले जेवण मुलाच्या पोटात जाते आणि घरी आलेला तांदूळ सगळ्या घराच्या पातेल्यात जातो. हा फरक योजना आखणाऱ्यांनी ध्यानात घ्यायला हवा होता.

धुणीभांडी करणारी आमच्या वस्तीतली एक आई मला म्हणाली होती, “सिस्टर, पोरं शाळेत जेवायची तेव्हा सकाळी नुसता चहा-बटर देऊन भागायचं. आता तीनदा ताट मागतात. काम तर चार घरचं बंद झालंय. तांदूळ हाये, पण वर काय घालू?” तिच्या या एका वाक्यात पोषणशास्त्राचा पूर्ण धडा आहे. नुसत्या भाताने पोट भरते, पण वाढत्या मुलाला डाळ, भाजी आणि तेल लागते. शिध्यातून भाजी येणे शक्यच नव्हते. केरळसारख्या राज्याने मुलांना तांदळासोबत कडधान्ये आणि किराणा सामानाचे संच दिले. म्हणजे इच्छा असली की करता येते.

मग पैशांचा प्रकार झाला. २०२१ च्या उन्हाळी सुट्टीतील शिजवण्याचा खर्च थेट मुलांच्या बँक खात्यात जमा करायचे ठरले. महाराष्ट्रात ही रक्कम होती पहिली ते पाचवीला १५६ रुपये आणि सहावी ते आठवीला २३४ रुपये. त्यासाठी मुलाच्या नावाचे आधार जोडलेले खाते हवे. खाते उघडायला पाचशे-हजार रुपये भरा, एक दिवसाची मजुरी बुडवा, साथ चालू असताना बँकेसमोर रांगेत उभे राहा, आणि मिळवा काय तर १५६ रुपये. गरिबाचा वेळ फुकट असतो असे कागदावर योजना आखणाऱ्यांना नेहमीच वाटते. तेवढ्याच पैशांचे तेल आणि शेंगदाणे शाळेतून हातात दिले असते, तर ते त्याच दिवशी पोटात गेले असते.

गोळी, जंत आणि तपासणी

शाळेतून मिळणाऱ्या औषधांकडे आपले लक्षच नसते. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी गुलाबी आणि दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींसाठी निळी, अशी लोह आणि फॉलिक अॅसिडची गोळी आठवड्यातून एकदा शाळेत दिली जाते. जंतनाशक दिनाला अल्बेंडाझोलची गोळी मिळते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा शाळेत येऊन दात, डोळे, कान, हृदय, त्वचा आणि वाढ तपासते. हृदयाला छिद्र आहे किंवा नजर कमी आहे, हे कित्येक मुलांच्या बाबतीत पहिल्यांदा शाळेतच कळते. दहाव्या आणि सोळाव्या वर्षीची धनुर्वात-घटसर्पाची टीडी लसही शाळेमुळेच सुटत नाही.

या सगळ्यात खंड पडणे किती महागात पडते हे एका आकड्यावरून समजावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. निम्म्याहून अधिक बायका रक्त कमी असलेल्या. ही कमतरता बाळंतपणात अचानक उगवत नाही. ती बारा-तेराव्या वर्षी पाळी सुरू होते तेव्हापासून साचत जाते, आणि त्या वयात गोळी पोहोचवण्याची सर्वांत सोपी जागा म्हणजे शाळा. शाळा बंद असताना काही ठिकाणी आशाताईंनी गोळ्या घरोघरी दिल्या. शिधा वाटपाच्या दिवशीच त्या पिशवीत घालून देणे हा त्याहून सोपा मार्ग होता. एक रांग, एक फेरी आणि दोन कामे.

आयांसाठी इथेच सांगून ठेवते. ही गोळी रिकाम्या पोटी देऊ नका, जेवणानंतर द्या. चहासोबत तर नकोच, चहामुळे लोह अंगी लागत नाही. लिंबू, आवळा किंवा पेरू खाल्ल्याने ते चांगले शोषले जाते. शौचाला काळी होते, त्याला घाबरू नका. थोडी मळमळ झाली तर झोपण्यापूर्वी जेवणानंतर घ्या, पण गोळी सोडू नका. आणि गोळ्यांचे पाकीट लहान मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवा. एकदम अनेक गोळ्या खाल्ल्या तर लहान मुलाच्या जिवावर बेतते.

सॅनिटरी पॅडचेही तसेच. २०१८ पासून ‘अस्मिता’ योजनेत जिल्हा परिषद शाळेतल्या मुलींना आठ पॅडचे पाकीट पाच रुपयांत देण्याची सोय होती. टाळेबंदीत शाळा बंद, दुकान बंद आणि एका खोलीत घरचे सगळे पुरुष दिवसभर हजर. कापड धुवायचे कुठे आणि वाळवायचे कुठे? ओले किंवा सावलीत वाळवलेले कापड वापरल्याने खाज, पुरळ आणि जंतुसंसर्गाच्या तक्रारी घेऊन मुली येत. त्याही थेट बोलत नसत, आईच्या पाठीमागे उभ्या राहत. शाळेत एखादी बाई असते जिच्याशी मुलगी हे बोलू शकते. तो आधारही त्या काळात तुटला.

हजेरीपटाने अडवलेली लग्ने

याच पाहणीनुसार महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झालेले होते. टाळेबंदीत हा धोका का वाढला, याचे कारण साधे आहे. पन्नास माणसांत लग्न उरकायला सरकारनेच सांगितले होते. मांडव नको, जेवणावळ नको, खर्च कमी. मुलगी घरात बसून. आईबाप कामाच्या शोधात बाहेरगावी जाणार, तिला कुणाच्या भरवशावर ठेवायचे? मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांसाठी हंगामी वसतिगृहे हा आधार होता. मुले गावात राहून शिकत. तो आधार नसला की मुले फडावर जातात, आणि मोठ्या मुलीचे हात पिवळे करून आईबाप मोकळे होतात.

शाळा चालू असते तेव्हा चार दिवस मुलगी आली नाही तर बाई विचारतात, मैत्रिणी सांगतात. हजेरीपट हा एक पहारेकरी असतो. शाळा बंद असताना हा पहारा चालू ठेवायचा तर शिक्षकांनी आठवड्यातून एकदा तरी प्रत्येक मुलीशी बोलले पाहिजे, तिच्या बापाशी नाही, तिच्याशी. जिथे शिक्षिका दारोदार फिरल्या तिथे लग्ने वेळेत कळली. खेड्यात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, आणि १०९८ या बालक मदत क्रमांकावर कुणालाही, अगदी त्या मुलीलाही, फुकट फोन करता येतो. लग्न लागण्याआधी केलेला एक फोन पुढचे खूप काही वाचवतो. सोळाव्या वर्षीचे बाळंतपण म्हणजे रक्तक्षय, अडलेली प्रसूती आणि कमी वजनाचे बाळ, हे मी प्रसूतिकक्षात डोळ्यांनी पाहिले आहे.

ज्यांच्या घरी मोबाईल नव्हता

ऑनलाइन शिक्षणाबद्दल थोडक्यात सांगते. ऑगस्ट २०२१ मध्ये अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ, रितिका खेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रासह १५ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील वंचित वस्त्यांमधल्या सुमारे १४०० मुलांची पाहणी केली. ग्रामीण भागातील ३७ टक्के मुले अजिबात अभ्यास करत नव्हती. नियमित ऑनलाइन शिकणारी ग्रामीण मुले अवघी ८ टक्के. त्यातही दलित-आदिवासी मुलांत हे प्रमाण ४ टक्के आणि इतरांत १५ टक्के होते. एकाच गावात, एकाच गरिबीत हा फरक. ज्यांच्या पणजोबांना शाळेच्या दारात उभे राहू दिले नाही, ज्यांच्या बाबासाहेबांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागले, त्यांच्या पोरांना या वेळी कुणी हाकलले नाही. फक्त वर्गच अशा ठिकाणी नेला, जिथे त्यांना जाता येणार नव्हते.

मोबाईलविना शाळा पोहोचवणारेही होते. सोलापूरच्या नीलमनगर भागात आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी कामगार वस्तीतल्या घरांच्या भिंतींवर धडे, पाढे आणि व्याकरण रंगवून घेतले. मुले अंतर ठेवून भिंतीसमोर उभी राहून शिकली. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका आली. नागपूर आकाशवाणीवरून ‘शाळेबाहेरची शाळा’ ऐकू आली. कित्येक शिक्षकांनी झाडाखाली, समाजमंदिरात, विहाराच्या ओट्यावर पाच-पाच मुलांचे गट बसवले. आणि याच शिक्षकांना ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत घरोघरी जाऊन ताप आणि ऑक्सिजन मोजण्याचे कामही होते.

हे आरोग्याच्या पानावर सांगायचे कारण असे की, शाळेतले माणूस दाराशी येते तेव्हा मुलाच्या मनावर त्याचा परिणाम होतो. त्या काळात वस्तीत मला झोपेत पुन्हा लघवी करू लागलेली आठ-नऊ वर्षांची मुले भेटली. बारीकसारीक गोष्टींवरून चिडणारी, जेवण टाकणारी, कुणाशीच न बोलणारी मुले भेटली. बापाची दारू बंद झाली की मारझोड, दुकाने उघडली की पुन्हा मारझोड, आणि हे सगळे एका खोलीत. अशा मुलाला ‘वेडेपणा करू नको’ म्हणून गप्प बसवू नये. रोजची उठण्या-जेवण्या-झोपण्याची वेळ ठरवावी, त्याच्याजवळ बसून ऐकावे, अंथरूण ओले झाले म्हणून चारचौघांत बोलू नये. दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही किंवा मूल मरणाच्या गोष्टी बोलू लागले, तर त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठावे. आता १४४१६ हा टेलिमानसचा मोफत क्रमांक आहे, तिथे आपल्या भाषेत बोलता येते.

कागद अडला की मूल अडते

साथीत बाप गेला, कमाई गेली, खासगी शाळेची फी थकली. आमच्याकडची एक विधवा भगिनी दोन मुलांना जिल्हा परिषदेच्या शाळेत घालायला निघाली, तर आधीच्या शाळेने थकलेल्या फीसाठी दाखला अडवला. तिने अर्धे वर्ष फेऱ्या मारल्या. शिक्षण हक्क कायदा, २००९ चे कलम ५ सांगते की दाखला मिळायला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. हे तिला पहिल्या दिवशी कुणी सांगितले असते तर मुलांचे सहा महिने वाचले असते.

ज्या मुलांचे आई किंवा वडील गेले, त्यांच्यासाठी बालसंगोपन योजना आहे. करोनाकाळात तिची रक्कम महिन्याला ११०० रुपये होती, नंतर ती २२५० करण्यात आली. दोन्ही पालक गेले त्यांच्यासाठी राज्याने ५ लाखांची मुदत ठेव आणि केंद्राने १० लाखांची तरतूद जाहीर केली. या योजनांचा पहिला माहीतगार वर्गशिक्षक असायला हवा, कारण कोणत्या मुलाचा बाप गेला हे त्याला सर्वांत आधी कळते. जागरूक शिक्षकांनी अशी यादी करून अर्ज भरून दिले. जिथे तसे झाले नाही, तिथे नात्यातल्या लोकांनाही योजनेचे नाव माहीत नव्हते.

आता आपण काय करायचे

साथ पुन्हा येणार नाही असे कुणी सांगू शकत नाही. पूर, उष्णतेची लाट किंवा दंगलीची संचारबंदी यांमुळेही शाळा बंद होतात. तेव्हा धावाधाव करण्यापेक्षा आजच तयारी करू या.

१. शाळा व्यवस्थापन समितीत बसा. कायद्याने या समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात, एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया हव्यात, आणि वंचित घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी. आपली ताई त्यात आहे का ते पाहा. नुसती सही करायला नको, बोलायला हवी.

२. समितीत ठराव करून घ्या की शाळा बंद झाल्यास शिधा किती, कोणत्या तारखेला आणि कोणत्या वस्तीत वाटला जाईल. धान्यासोबत डाळ, तेल आणि शक्य तिथे शेंगदाणे-गूळ मागा. शिजवण्याचा खर्च वस्तूंच्या रूपात मागा. वाटपाची यादी फलकावर लावायला सांगा.

३. शिध्याच्या पिशवीतच लोहाच्या गोळ्या, जंतनाशकाची वेळ असेल तर ती गोळी आणि मोठ्या मुलींसाठी पॅड देण्याची मागणी प्राथमिक आरोग्य केंद्राकडे लेखी करा. आशाताई आणि मुख्याध्यापक यांची एक बैठक घडवून आणा.

४. प्रत्येक वर्गाची संपर्कयादी करा. कोणाकडे फोन नाही, कोणाचे आईबाप स्थलांतर करतात, कोणत्या घरी आजारपण आहे, कोणत्या मुलीचे लग्न बोलले जात आहे, हे त्यात असू द्या. ही यादी वस्तीतल्या विश्वासू दोन भगिनी आणि वर्गशिक्षिका यांच्याकडेच राहावी. तिचा गवगवा होऊ देऊ नका.

५. बुद्धविहार उघडा ठेवा. आपल्या वस्तीवस्तीत विहार आहे. त्याचा ओटा, त्याची भिंत आणि त्याची वीज मुलांची आहे. भिंतीवर फळा रंगवा, गोष्टींच्या पुस्तकांची एक पेटी ठेवा. बारावी झालेल्या मुलामुलींनी रोज एक तास पाच-सहा मुलांना शिकवावे. हात धुवायला साबण आणि पाणी ठेवा, खिडक्या उघड्या ठेवा, तापलेल्या-खोकणाऱ्या मुलाला घरी विश्रांती घेऊ द्या.

६. एका कागदावर हे क्रमांक मोठ्या अक्षरात लिहून विहाराच्या दाराला चिकटवा: बालकांसाठी १०९८, मानसिक आधारासाठी १४४१६, रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलीस व इतर तातडीसाठी ११२.

विहारात पाण्याचा माठ, फळा आणि औषधाची पेटी ठेवायला मोठा निधी लागत नाही. या वर्षावासात दर रविवारी वंदनेनंतर पंधरा मिनिटे शाळेच्या हिशोबाला द्या: या महिन्यात पोषण आहार किती दिवस शिजला, गोळी किती मुलांना मिळाली, कोण शाळेत आले नाही आणि का. बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितले, तेव्हा त्यांना ठाऊक होते की शिकणारे मूल आधी जगले पाहिजे, जेवले पाहिजे, निरोगी राहिले पाहिजे. ती जबाबदारी सरकारची आहे, ती त्याच्याकडून पूर्ण करून घ्यायची. आणि सरकार येईपर्यंत आपल्या वस्तीतले एकही ताट रिकामे राहू द्यायचे नाही.